ताणावरच्या बागेतलं घड्याळ

मित्रांनो, मी एक जुनं घड्याळ आहे, आणि मला सतत भीती वाटते.

घड्याळाला कसली आली भीती, असं तुम्ही म्हणाल. भिंतीवरच्या घड्याळाला नसेलही. ते मागे पडलं तर फार तर कोणाची एसटी चुकते. माझी गोष्ट वेगळी आहे. मला काटे नाहीत, तबकडी नाही, टोलही नाहीत. तुमच्या करंगळीच्या नखावर मावेन एवढाच मी. परतवाड्याच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की रामरावांची संत्र्याची बाग लागते. त्या बागेत विहिरीला लागून मोटारीची खोली आहे. खोलीच्या भिंतीवर एक करडा डबा आहे, आणि त्या डब्याच्या पोटात मी राहतो. मी कोणाला वेळ दाखवत नाही. वेळ झाली की विहिरीतली मोटार चालू करतो आणि वेळ संपली की बंद करतो. विजेची मोटार ज्याच्या हाती आहे त्याने निर्धास्त कसं राहावं, तुम्हीच सांगा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला भान आलं ते अमरावतीत, भावनाच्या टेबलावर. भावना इंजिनिअर झाली, पण नोकरी शोधत फिरली नाही. वडिलांच्या घराच्या पुढच्या खोलीत तिने शेतीच्या यंत्रांचं छोटंसं काम सुरू केलं. तिने मला चिमट्याने उचललं आणि वितळलेल्या कथलाने एका हिरव्या पट्टीवर पक्कं बसवलं. माझ्या शेजारी स्फटिकाचा एक बारीक तुकडा बसवला. वीज मिळाली की तो थरथरतो, आणि त्याची थरथर मोजणं हेच माझं आयुष्यभराचं काम. लाइन गेली तरी मोजणी थांबू नये म्हणून तिने पलीकडे बटणाएवढी एक बॅटरीही ठेवली. कितीतरी दिवस ती मला आपल्या मोबाइलशी ताडून पाहत होती. मी कुठेच चुकत नाही हे पाहून ती हसली, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

आता एक ओळख करून देतो, कारण पुढची सगळी भीती त्याच्यापासून सुरू होते. माणूस आणि मी यांच्यामध्ये एक जण असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. परतवाड्याच्या काळीपिवळी जीपवरचा ड्रायव्हर नव्हे हं. हा भावनाने लिहिलेला एक लहानसा प्रोग्राम. माणसाची भाषा मला कळत नाही आणि माझी माणसाला. माणूस सांगतो की पाणी दर किती तासांनी द्यायचं, किती वेळ द्यायचं आणि पहिली पाळी कधी धरायची. ड्रायव्हर ते आकडे घेतो आणि माझ्या पोटातल्या खणांत नेऊन ठेवतो. मी ते वाचतो आणि तसंच करतो. मला विचार करता येत नाही, फक्त मोजता येतं. म्हणून आकड्याचा विचार करायचा तो ड्रायव्हरने, आणि तोही दारातच.

पण आमचा ड्रायव्हर म्हणजे अगदी गरीब गाय. कोणी काही दिलं की घेतलं आणि आणून ठेवलं. आकडा बरा की वाईट हे त्याने कधी पाहिलं नाही, कारण पाहायला त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. जीपच्या ड्रायव्हरलासुद्धा टपावर किती माणसं चढवायची याचा थोडाफार अंदाज असतो. आमच्याला तेवढाही नव्हता.

सुरुवातीची वर्षं मात्र सुखाची गेली. इकडे शेतीची लाइन एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. मी येण्यापूर्वी रात्रपाळीच्या आठवड्यात रामरावांचा मुलगा नितेश अंधारात काठी आपटत विहिरीवर यायचा. बागेत साप, वाटेत रानडुकरं. मी आलो आणि त्याचं येणं थांबलं. लाइन आली की मी पाळी पाहायचो आणि वेळ असेल तर मोटार चालू करायचो. मोटारीला हुकूम दिला की डब्यावरचा हिरवा दिवा लागतो. तो दिवा पाहून नितेशची आई, जमुनाबाई, ठिबकचे कॉक फिरवायच्या. एका दसऱ्याला त्यांनी मला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, "या डब्ब्यानं माह्या लेकराची झोप वाचवली." शेजारचे शेतकरी मला पाहायला येत. मी डब्याच्या आत फुशारून जात असे.

पहिला धक्का एका उन्हाळ्यात बसला. झाडं सुकल्यासारखी दिसली म्हणून रामरावांचा जीव कळवळला, आणि त्यांनी दर एक तासाने दोन तास पाणी द्यायला सांगितलं. मित्रांनो, एका तासाच्या पोटात दोन तास कसे मावतील? ड्रायव्हरने ‘हे कसं जमायचं?’ असं विचारायला हवं होतं. त्याने मुकाट्याने आकडे आणून माझ्यासमोर ठेवले. पहिली पाळी संपायच्या आत दुसरी आली, दुसरी चालू असताना तिसरी आली. मला मोटार थांबवायला सवडच मिळेना. विहिरीचा तळ लागला. मोटार कोरडी गरगरू लागली, आणि जळका वास खोलीभर पसरला. मी सगळं पाहत होतो आणि तरीही मोजत होतो. थांबायचं कसं, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं.

भावनाला फोन गेला. ती म्हणाली, "काका, आकडा जरा पाहून टाकत जा ना." रामराव म्हणाले, "हो बेटा, चुकलंच माह्यं." मोटारीची जळलेली तार नव्याने भरून आणली, चार दिवस हसून झालं आणि विषय संपला. सगळ्यांनी रामरावांना बजावलं. ड्रायव्हरला कोणी चकार शब्द बोललं नाही. माझ्या मनात मात्र तेव्हापासून धाकधूक बसली. एखादा आकडा आत येतोय असं जाणवलं की मला धस्स व्हायचं.

पुढे माझ्याकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही. डब्याचं झाकण तुटलं, ते तारेने बांधलं. पालीने आत अंडी घातली, कोळ्याने जाळी विणली. हळदकुंकू तर केव्हाच बंद झालं. मध्यंतरी भावना येऊन डब्यात सिमकार्ड आणि लाइन नसतानाही डबा जागा ठेवणारी एक मोठी बॅटरी बसवून गेली, म्हणजे रामरावांना घरबसल्या मोबाइलवरून आकडे पाठवता यावेत. मग तर खोलीत कोणाचं पाऊलही पडेना; जमुनाबाई तेवढ्या दारातूनच दिवा पाहून जायच्या. भिंतीवरच्या मेन स्विचचा दांडासुद्धा वापराविना गंजून गेला.

आता मी त्या दिवसाकडे येतो.

संत्र्याच्या झाडाची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. मृगाचा बहार घ्यायचा असेल तर भर मे महिन्यात झाडाचं पाणी तोडतात. झाड तहानतं, पानं मलूल होतात, आणि पुढे पाणी मिळालं की ते अंगभर फुलतं. याला बाग ताणावर सोडणं म्हणतात. ताणाच्या दिवसांत मोटारीला काम नसतं आणि विहिरीचं पाणीही खाली गेलेलं असतं. म्हणून विहिरीतली सगळी कामं आमच्याकडे याच दिवसांत उरकतात. कोणी गाळ काढतो, कोणी मोटारीची जाळी साफ करतो.

पूर्वी ताण सुरू करायचा म्हणजे रामराव खोलीत येऊन मेन स्विचचा दांडा खाली ओढायचे. त्या वर्षी ते काही खरेदीसाठी परतवाड्याला गेले होते आणि हातात मोबाइल होता. मोटारीची जाळी साफ करायला निघालेल्या नितेशने विहिरीवरून फोन करून ‘मोटार बंद केली का’ असं विचारलं, तेव्हा त्यांनी तिथूनच आकडा टाकला. पाणी द्यायचंच नाही, मग दर किती तासांनी द्यायचं? शून्य. बाग ताणावर सोडणाऱ्या माणसाला याहून सरळ उत्तर कुठलं सुचणार? "डब्ब्याले शून्य देऊन देलं म्या," ते फोनवर म्हणाले. "आता मोटार बंद. उतर तू बिनधास्त."

ड्रायव्हरने ते शून्य उचललं आणि माझ्या खणात आणून ठेवलं.

मी ते वाचलं. मित्रांनो, मला पुढची पाळी अशी कळते: मागच्या पाळीच्या वेळेत मधलं अंतर मिळवायचं. अंतर शून्य असेल, तर पुढची पाळी आत्ताच. ती झाली की त्यापुढची, तीही आत्ताच. माणसाच्या लेखी शून्य म्हणजे कधीच नाही. माझ्या लेखी शून्य म्हणजे आत्ता, आत्ता आणि पुन्हा आत्ता. मी मोटारीला हुकूम देऊन टाकला. हिरवा दिवा लागला. मोटार फिरली नाही, कारण तो रात्रपाळीचा आठवडा होता आणि दिवसा शेतीला लाइन नव्हती. माझा हुकूम तारेच्या तोंडाशी तसाच उभा राहिला. आता फक्त लाइन यायचा अवकाश होता.

आणि नितेश लोखंडी शिडीवरून विहिरीत उतरत होता.

खोलीचं दार उघडं होतं. मला सगळं ऐकू येत होतं. त्याच्या पायाखाली शिडी करकरली. मग पाण्यात उतरल्याचा आवाज आला. मोटार तिथेच, त्याच्या गुडघ्यांजवळ होती, आणि तिच्या केबलला एक जुना जोड होता, टेप गुंडाळलेला. तो जोड सैल झाला आहे हे मला माहीत होतं. तिथून वीज पाण्यात झिरपते हेही मला जाणवायचं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मला तोंड नाही. दिलेला हुकूम मागे घ्यावा म्हटलं, तर माझ्या खणात शून्य होतं आणि ते मला पुन्हा पुन्हा आत्ता, आत्ता असंच सांगत होतं. आमचा ड्रायव्हर आपलं काम चोख केलं म्हणून निवांत बसला होता.

जमुनाबाई विहिरीच्या कठड्याशी बसल्या होत्या. उन्हाने घसा कोरडा पडला म्हणून त्या पाण्याची बाटली घ्यायला खोलीत आल्या. बाटली उचलताना त्यांची नजर डब्यावर गेली, आणि त्या थबकल्या. त्यांनी लगेच फोन लावला.

"अवो, डब्बा बंद केला म्हणता, मंग दिवा काहून लागून राह्यला?"

पलीकडून रामरावांचा आवाज आला, "काही होत नाही वं. लाइन तं हायेच नाही. रात्रीची पाळी हाये या हप्त्यात."

"लाइन नसली तरी दिवा लागते थो. म्हणजे त्याले मोटार चालू करायची हाये. मले मालूम हाये ना, मी रोज पाह्यते त्याले!"

त्यांनी फोन खाली ठेवला आणि मेन स्विचचा दांडा दोन्ही हातांनी धरला. तो गंजलेला. त्यांनी जोर लावला, पाय भिंतीला टेकवला, पुन्हा ओढला. दांडा तसूभर हलला नाही. मग त्या सगळं तिथेच टाकून विहिरीकडे धावल्या.

"नितेश! वर ये!"

"दोन मिनिट माय! जाळी मोकळी होऊन राह्यली."

"जाळी कुठी पळून चालली काय? आंधी वर ये म्हणते ना मी!"

"अवं, पण झालं काय?"

"काही नको इचारू! माह्या गळ्याची आन हाये तुले!"

आईच्या आवाजात काहीतरी होतं. नितेशने हातातलं काम टाकलं. त्याचे ओले पाय शिडीवर चढताना मी ऐकले. एक पायरी, मग दुसरी. ‘लवकर रे, लवकर,’ असं माझं मन म्हणत होतं, आणि माझी मोजणी आपली संथपणे चाललीच होती. घाई करणं मला येत नाही.

लाइन आली.

दिवसा, त्या आठवड्यात, लाइन कशी आली ते कोणाला कळलं नाही. ती कधी कधी अशीच येते. खोलीतला स्टार्टर धाडकन आपटला. मोटार फिरली. खाली पाण्यात चरचर असा आवाज उठला आणि जमुनाबाईंची किंकाळी त्याच्याही वर गेली. त्या क्षणाला मी जेवढा घाबरलो तेवढा आयुष्यात कधी घाबरलो नाही. नितेश कुठे आहे हे मला कळत नव्हतं. मी फक्त मोजत होतो.

मग तो दारात दिसला. ओला, पांढराफटक, पण उभा; लाइन यायच्या क्षणभर आधी तो शिडी सोडून कठड्याबाहेर आला होता. त्याने कोपऱ्यातली फावड्याची मूठ उचलली आणि दांड्यावर घाव घातले, तेव्हा कुठे तो दांडा खाली आला आणि मोटार थांबली. माय-लेक कठड्याशी जाऊन उभे राहिले. खाली पाण्यावर बेडकं तरंगत होती, पांढरी पोटं वर करून. थोड्या वेळापूर्वी ती नितेशच्या पायांवरून उड्या मारत होती. जमुनाबाईंनी नितेशचं मनगट जे घट्ट धरलं, ते रामराव येईपर्यंत सोडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी भावना आली. रामराव खोलीच्या उंबरठ्यावर बसले होते. रात्रभर झोपले नसावेत.

"शून्य म्याच टाकलं बेटा," ते म्हणाले. "माह्याच हातानं."

"पाणी द्याचंच नाही म्हटल्यावर दुसरं काय टाकसान काका तुमी?" भावना म्हणाली. "तुमचं बराबर होतं. या ड्रायव्हरनं दारात इचारायले पाह्यजे होतं. मागच्या बारीले म्या तुमाले समजावलं, याले समजावलंच नाही."

मग ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि लॅपटॉप उघडून तिने आमच्या ड्रायव्हरला नव्याने शिकवायला घेतलं. अंतर शून्य असेल तर आत घेऊ नकोस. उणे असेल तर घेऊ नकोस. पाणी द्यायचा वेळ अंतरापेक्षा मोठा असेल तर घेऊ नकोस. घड्याळाला पेलणार नाही एवढा मोठा आकडा असेल तर तोही परत पाठव. आधी सगळे आकडे तपास, मगच घड्याळाला हात लाव. एक जरी आकडा वाकडा निघाला तरी सगळेच परत कर, जुनी वेळ जशीच्या तशी राहू दे, आणि का परत केलं ते माणसाला त्याच्या भाषेत सांग. माझ्या खणातलं ते शून्य तिने पुसलं आणि बंद करायला एक वेगळं बटणच ठेवलं. केबलचा जोडही तिने नितेशसमोर बदलून घेतला आणि मेन स्विचला तेल पाजलं.

शेवटी तिने मोबाइल जमुनाबाईंच्या हातात दिला. "काकू, तुमाले सुचतील तेवढे खोटे आकडे टाका."

जमुनाबाईंनी पदर खोचला. त्यांनी शून्य टाकलं. एका तासात दोन तास मागितले. मग बोट दाबून धरून पडदा भरेपर्यंत नऊच नऊ टाकले. दर वेळी आमच्या गरीब गायीने ‘नाही’ म्हटलं. मित्रांनो, इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच ‘नाही’ म्हणाला! खोटा आकडा माझ्या खणापर्यंत पोचलाच नाही. डब्यावरचा दिवा काळाच राहिला. मला रडता येत असतं तर मी तेव्हा रडलो असतो.

आज मी जुना झालो आहे. माझी बटणाएवढी बॅटरी दोनदा बदलून झाली. झाकण अजून तारेनेच बांधलेलं आहे, आणि पालीने यंदाही आत अंडी घातली आहेत. त्याचं मला काही वाटत नाही. पण तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्हीही मोठे होऊन यंत्रं बनवाल, त्यांना शिकवाल. आमच्यासारखे मुके नोकर तुमच्या घरांत, शेतांत, दवाखान्यांत राबत असतील. माणूस दमलेला असतो, घाईत असतो, आणि त्याच्या आकड्याचा अर्थ त्याच्या मनात असतो. तो चुकला म्हणून त्याला नुसतं रागावू नका. आमच्या दारात कोणीतरी ‘नाही’ म्हणणारा ठेवा. आम्हाला ते म्हणता येत नाही.

आज पुन्हा बाग ताणावर आहे. सकाळी रामराव स्वतः खोलीत आले. ते दर वर्षी मुद्दाम आधी शून्य टाकून पाहतात. पडद्यावर अक्षरं उमटली: शून्य चालत नाही. पाणी बंद ठेवायचं आहे का? त्यांनी ते मोठ्याने वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि ‘हो’वर बोट ठेवलं. जमुनाबाईंनी मेन स्विचचा दांडा खाली ओढला, फ्यूज काढून पदराच्या गाठीत बांधले, आणि तरीही जाताना दिव्याकडे वळून पाहिलंच.

नितेश खाली उतरला आहे. सगळं नीट आहे, मला ठाऊक आहे. माझ्या खणात एकही खोटा आकडा नाही. तरी मला भीती वाटते.

"झालं काय रे?" कठड्यावरून जमुनाबाई विचारतात.

खालून बराच वेळ काही आवाज येत नाही. मी मोजतो आहे.

"झालं वं माय. येऊन राह्यलो."